दंडावरचं डिजिटल बीपी मशीन : साडेचार महिन्यांचा वापर, त्यातले चार दारूविना

मी इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार उपसायची, नवी भरायची, व्हार्निश मारून वाळवायच्या. बावीस वर्षं झाली. दिवसभर हातात मल्टिमीटर, मेगर नाहीतर टाँग टेस्टर असतोच. त्यामुळं मापाच्या वस्तूबद्दल मी घाईनं चांगलं लिहीत नाही. मीटर चुकीचं असलं की चांगली मोटर उघडली जाते आणि खराब मोटर तशीच परत जाते, हे मी पैसे भरून शिकलोय.

ह्या बीपी मशीनबद्दल मात्र लिहायचं ठरवलं. कंपनीचं नाव घेत नाही. मला जे सांगायचंय ते ह्या जातीच्या कुठल्याही दंडावरच्या मशीनला लागू पडतं. किंमत १,९५० रुपये, मोठा पट्टा वेगळा घेतला त्याचे ६५० रुपये. मशीन घेतलं ११ जुलै २०२५ ला. आज नोव्हेंबर संपत आलाय.

घ्यायची वेळ का आली ते आधी सांगतो. जुलैत आमच्या भागात तपासणी शिबिर होतं. बायको म्हणाली चला, म्हणून गेलो. तिचं १२२/७८ आलं. माझं १५६/९८. सिस्टरनी दहा मिनिटं बसवलं आणि परत घेतलं, १५२/९६. वय ४६, वजन ८१ किलो. त्यांनी डॉक्टरांकडं पाठवलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घेता का?"

"घेतो. थोडीच."

"थोडी म्हणजे किती मिली?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं ते असं : आठवड्यातले चार दिवस नाइन्टी, शनिवारी क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्यांनी चिठ्ठीच्या मागं हिशोब मांडला. व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलीच्या एका पेगमध्ये जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माझे आठवड्याचे ५४० मिली झाले, म्हणजे १८० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं, त्याहून जास्त नाही. लिंबू पिळा, ताक प्या, थंड पाण्यानं अंघोळ करा, तो वेग वाढत नाही. शनिवारी रात्री अकराला क्वार्टर संपवून मी झोपत होतो आणि माझं यकृत रविवारी पहाटेपर्यंत काम करत बसत होतं.

त्यांनी गोळी लिहिली नाही. म्हणाले, "मशीन घ्या. दहा दिवस जसं चाललंय तसं चालू द्या आणि वहीत लिहा. मग एक महिना दारू पूर्ण बंद आणि मीठ कमी. तेव्हाही लिहा. वही घेऊन या, मग गोळीचं बघू." दारापर्यंत आल्यावर परत बोलावलं आणि विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या लागते का? नाही मिळाली तर हात थरथरतात का? तसं असेल तर एकदम बंद करायची नाही, आधी मला सांगायचं." मला तसं नव्हतं. त्या प्रश्नाचं महत्त्व मला पंधरा दिवसांनी कळलं, ते पुढं येईलच.

आता मशीन. हे कसं मोजतं ते मला समजून घ्यायचं होतं, कारण डॉक्टरांच्या पाऱ्याच्या यंत्रासारखं ह्यात कानाला काही लावायचं नसतं. पट्ट्यात हवा भरते, दंडातल्या धमनीतलं रक्त क्षणभर अडतं, मग हवा हळूहळू सुटते. रक्त परत वाहायला लागलं की धमनीचे ठोके पट्ट्यातल्या हवेला धक्के देतात. मशीन ते धक्के मोजतं. धक्के सगळ्यात मोठे असतात तो मधला दाब, त्यावरून ते वरचा आणि खालचा आकडा काढतं. म्हणजे काढलेला हिशोब आहे, पाऱ्यासारखं थेट माप नाही. म्हणूनच हात हलला, बोललं, पट्टा सैल किंवा लहान असला की हिशोब बिघडतो. मी मशीन घेऊन डॉक्टरांकडं गेलो आणि त्यांच्या यंत्राशेजारी लावून बघितलं. वरच्या आकड्यात तीन-चारचा फरक आला. माझ्या कामातही एवढा फरक मी चालवून घेतो.

पट्ट्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण माझे पहिले तीन दिवस त्यात वाया गेले. खोक्यात जो पट्टा येतो तो २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाचा. माझा दंड ३४ सेंटिमीटर. दुकानदार म्हणाला सगळ्यांना बसतो. बसला, पण ताणून. आकडे आले १६१, १५९, १६४. मी घाबरलो. माझी थोरली मिरजेत बीएस्सी नर्सिंग करते, ती रविवारी घरी आली. तिनं पट्टा बघितला आणि म्हणाली, "पप्पा, हा लहान पडतोय. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो." तिनंच सांगून मोठा पट्टा आणायला लावला. त्याच खुर्चीवर, त्याच हाताला, पाच मिनिटांच्या अंतरानं लहान पट्ट्यावर १५९ आणि मोठ्या पट्ट्यावर १५१. आठचा फरक नुसत्या कापडाचा. ही माहिती खोक्यावर बारीक इंग्रजीत आहे. मराठीत एक ओळही नाही. ह्या मशीनवर माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

बसायची पद्धतही तिनंच शिकवली. आधी लघवीला जाऊन यायचं. चहा, तंबाखू अर्धा तास आधीपासून नाही. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या उंचीला, हात टेबलावर टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. सुरुवातीला मी मोजता मोजता बायकोशी बोलायचो. "पप्पा, बोलू नका," असं पोरगी दटावायची. नुसत्या बोलण्यानंही आकडा वर जातो, करून बघा.

१४ जुलैपासून वही नीट सुरू झाली. सकाळी साडेसहा आणि रात्री दहा. पिणं नेहमीसारखं चालू होतं. आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली, तिनं मी चक्रावलो. ज्या रात्री घेतलेली असायची त्या रात्री दहाचा आकडा चांगला यायचा. १२८/८०. १३०/८२. पिऊन बीपी उतरतंय! मनात म्हटलं, आपण उगाच घाबरलो. फक्त नाडी ९६, ९८ असायची, तिच्याकडं मी लक्ष दिलं नाही. सकाळी मात्र १४९/९५, १५१/९६.

पोरीला फोन केला. तिनं तिच्या सरांना विचारून सांगितलं. दारू पोटात गेल्यावर काही तास रक्तवाहिन्या सैलावतात, त्वचा गरम आणि लालसर होते ती त्यामुळंच. तेवढ्यापुरता दाब उतरतो आणि हृदय जोरात पळून ती कसर भरून काढतं. मग दारू उतरायला लागली की शरीर उलट्या दिशेनं ओढतं. ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. लघवी रोखून धरणारं संप्रेरक दारू दाबून टाकते म्हणून रात्री तीन वेळा उठावं लागतं, अंगातलं पाणी कमी होतं. पहाटेची झोप तुटते. ह्या सगळ्याची बेरीज सकाळी दंडावर दिसते. नेहमी पिणाऱ्यांत संध्याकाळी बीपी कमी आणि सकाळी जास्त, हे डॉक्टर लोकांना जुनं माहीत आहे. मला नव्हतं. मशीन दोन्ही वेळा खरंच सांगत होतं. मी रात्रीचं ऐकून खूश होत होतो.

म्हणून ज्यांना हे मशीन घ्यायचंय आणि जे पितात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सकाळी मोजा. संध्याकाळचा आकडा दाखवून घरच्यांची समजूत काढू नका. मी दोन दिवस काढली होती. नंतर बायकोसमोर वही ठेवून सकाळचे आकडे तिला दाखवले.

दहा दिवसांची सकाळची सरासरी १४८/९४, नाडी ८४. घरी मोजताना १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर ते जास्त धरतात, दवाखान्यात मोजताना ती रेघ १४०/९० ची.

२४ जुलैला दीप अमावस्या झाली. आमच्याकडं त्या दिवशीचं दुसरं नाव सगळ्यांना माहीत आहे. २५ जुलैपासून श्रावण. श्रावण मी गेली पंधरा वर्षं पाळतोय, त्यामुळं बंद करणं मला नवीन नव्हतं. पण दरवर्षी मी श्रावण पाळायचो तो देवासाठी, आणि गणपती बसले की परत सुरू. महिनाभरात अंगात काय बदललं हे कधी बघितलंच नव्हतं. बघायला काही साधनच नव्हतं.

पहिले पाच दिवस आकड्यांत विशेष फरक नाही. झोप तर उलट बिघडली, रात्री दोन-अडीचला टक्क जाग. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होणार, झोपेला दारूची सवय लागलेली असते, मेंदूला परत घडी बसवायला थोडे दिवस लागतात. संध्याकाळी आठ वाजले की हात रिकामे वाटायचे. गोड खावंसं वाटायचं, गूळ-शेंगदाणे किती खाल्ले मोजले नाहीत. दुकान बंद केल्यावर मी घरी न जाता पाऊण तास चालत फिरायला लागलो, कारण तीच वेळ अवघड होती. साडेनऊ वाजून गेले की इच्छा आपोआप उतरायची. हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं मी त्या दीड तासाला कधी थांबून बघितलं नव्हतं.

आठवड्याच्या शेवटी १४५/९२, नाडी ७९. दुसऱ्या आठवड्यात १४१/९०. चौथा आठवडा १३६/८७, नाडी ७१. वजन ८१ चं ७८.६. बायको म्हणाली तुमचं घोरणं कमी झालंय. दारूनं घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वास अडखळतो आणि त्यामुळंही रात्रीचं बीपी चढतं, हे नंतर कळलं. तिला मात्र कारण कळायच्या आधी फरक कळला होता.

ह्यातला सगळा उतार दारूच्या खात्यावर लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. दारू गेली तसा तिच्याबरोबरचा चकणाही गेला. खारे शेंगदाणे, फरसाण, वरून मीठ मारलेलं ऑम्लेट. मीठ कमी झालं, चालणं वाढलं, वजन उतरलं. कोणामुळं किती उतरलं हे मशीन सांगू शकत नाही. पण ह्या चारही गोष्टींची गाठ बाटलीशीच होती. ती सुटली आणि बाकीच्या सुटल्या.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो.

आमच्या दुकानाशेजारी मागाचा कारखाना आहे. तिथं एक मामा काम करतात, वय पंचावन्नच्या आसपास, चाळीस वर्षं यंत्रमागावर. त्यांना सकाळी उठल्यावर लागायची. देशी. हात थरथरायचे, घेतली की थांबायचे, मग तुटलेला धागा गाठायला बसायचे. श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्यांनी देवापुढं नारळ ठेवून शपथ घेतली, आजपासून बंद. आम्ही सगळ्यांनी पाठीवर थाप मारली. मीही मारली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, त्यांचा मुलगा दुकानात आला. बाबांना कसंतरी होतंय. गेलो तर मामा भिंतीला टेकून बसलेले. बनियन घामानं चिंब, पंखा चालू असताना. हात इतके हलत होते की पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरूनही तोंडापर्यंत जात नव्हता, पाणी मांडीवर सांडत होतं. मला म्हणाले, "मास्तर, कोपऱ्यात कोण उभं हाय?" कोपऱ्यात कुणी नव्हतं. तिथं धोतराचा बोळा पडला होता.

मशीन माझ्या पिशवीत होतं. पट्टा लावला. हात हलत होता म्हणून दोन वेळा चूक दाखवली. तिसऱ्यांदा मुलाला दंड धरायला लावला आणि आकडा आला, १७४/१०६, नाडी १२४. पोरीला फोन लावून तिघांनाही ऐकू जाईल असा ठेवला. तिनं आकडे ऐकले, विचारलं कधीपासून बंद केली, आणि म्हणाली, "पप्पा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. थांबू नका, घरी काही देऊ नका." रिक्षात घातलं. दवाखान्याच्या फाटकातच त्यांना झटका आला. डोळे वर, अंग ताठ, तोंडाला फेस. मी त्यांचं डोकं मांडीवर एका कुशीवर धरून ठेवलं होतं. तो मिनिट माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब मिनिट होता.

दवाखान्यात त्यांना लगेच झटका थांबवणारं औषध आणि शिरेतून बी१ जीवनसत्त्व दिलं. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं रोज दारू मेंदूला झोपवत असते, म्हणून मेंदू जागं राहण्यासाठी स्वतःचा जोर वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की तो जोर तसाच राहतो, त्याला आवरणारं कुणी नाही. बंद केल्यापासून पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होतो, भास होतात, आणि उपचार नाही झाले तर माणूस दगावतो. औषधं देऊन, दिवसागणिक कमी करत, आठवडाभरात हे सुखरूप पार पडतं. मामा सहा दिवसांनी घरी आले. आता आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातात. "फक्त आजचा दिवस," एवढंच म्हणतात. शपथ घेत नाहीत.

शपथ घेणाऱ्याच्या पाठीवर थाप मारताना आधी विचारायला हवं होतं, सकाळी लागते का, हात थरथरतात का. डॉक्टरांनी मला विचारलं होतं. मी मामांना विचारलं नाही. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना एकट्यानं बंद करू देऊ नका. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. माणूस बंद करतो म्हणतोय ही चांगली वेळ असते. ती सांभाळायला डॉक्टर लागतो.

मशीनकडं परत येतो. माझा एक दिवस मोडला, तोही लिहितो. विसर्जनानंतरच्या आठवड्यात मंडळाचं जेवण होतं. दीड महिना झाला होता, सगळे म्हणाले आता काय, श्रावण संपला. मी क्वार्टर घेतली. सवय मोडलेली असल्यामुळं ती जास्तच चढली. रात्री दहाला १२४/७८, नाडी १०२. सकाळी १५०/९५, नाडी ९२, आणि पडद्यावर एक चिन्ह लुकलुकायला लागलं, जे आधी कधी दिसलं नव्हतं. ठोके अनियमित असल्याची खूण. दुसऱ्यांदा मोजलं, परत तेच. छातीत मधूनच एखादा ठोका गिळल्यासारखं वाटत होतं.

ताबडतोब डॉक्टरांकडं गेलो, ईसीजी काढला. एखाददुसरा जादा ठोका होता, बाकी ठीक. त्यांनी सांगितलं की सुट्टीत, सणावारात एकदम जास्त घेतल्यावर हृदयाची लय बिघडते, हे अमेरिकेत १९७८ सालीच नोंदलं गेलंय. त्याला नावच 'हॉलिडे हार्ट' पडलं. कधी कधी हे वाढून हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं नुसतं फडफडणं सुरू होतं आणि त्यातून पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. आकडा पूर्वीच्या जागी यायला मला तीन सकाळी लागल्या. एका रात्रीची किंमत तीन सकाळी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, वहीत माझ्याच अक्षरात होतं.

त्यानंतर घेतलेली नाही. दसरा गेला, कोजागिरीला मसाला दूध, दिवाळीला भाऊबंद आले, ते बसले, मी त्यांच्याबरोबर लिंबू-सोडा घेऊन बसलो. वहीतल्या शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी १३१/८४. डॉक्टरांनी गोळी अजून सुरू केलेली नाही, तीन महिन्यांनी परत बघू म्हणालेत. कुणाला गोळी चालू असेल तर हे वाचून बंद करू नका. तो निर्णय मशीनचाही नाही आणि माझाही नाही.

एक गोष्ट ह्या मशीनच्या आवाक्याबाहेरची आहे आणि ती लक्षात ठेवायला हवी. यकृत काय म्हणतंय हे दंडावर दिसत नाही. डॉक्टरांनी जुलैतच रक्त तपासायला लावलं होतं. यकृताच्या दोन चाचण्या, गामा जीटी ९६, एसजीपीटी ६२, सोनोग्राफीत यकृतावर पहिल्या पायरीची चरबी. सप्टेंबरच्या सुरुवातीला, मंडळाच्या त्या जेवणाच्या आधी, परत केलं तेव्हा ४३ आणि ३६. ही चरबी दारू थांबवली की काही आठवड्यांत उतरू शकते. यकृत आक्रसून गाठी पडल्या, म्हणजे सिरोसिस झाला, की मग ते पूर्वीसारखं होत नाही. आणि त्या दोन्हींच्या मध्ये दुखत काहीच नाही. मला पोटात कधी काही दुखलं नव्हतं. कॅन्सरचंही तसंच. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांत स्तन, ह्या सगळ्यांचा धोका दारूनं वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलंय. म्हणून बीपी चांगलं आलं की सगळं चांगलं, असा अर्थ कुणी काढू नये.

बाकी बारीकसारीक. चार पेन्सिल सेल लागतात, पहिले साडेतीन महिने गेले. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, मी घेतला नाही. मेमरी साठ आकड्यांची, पण एकाच माणसाची. बायकोनं मोजलं की तिचे आकडे माझ्यात मिसळतात, म्हणून कागदाची वहीच खरी. पडद्यावरचे आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. पट्ट्याचा चिकट पट्टा उघडताना पहाटे मोठा आवाज होतो, घरात लहान मूल असेल तर दुसऱ्या खोलीत मोजा. मनगटावरची मशीनं स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण हात जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. मी दुकानात दोन्ही लावून बघितली आणि दंडावरचंच घेतलं.

आणि दिवसातून दोनदाच मोजा. सुरुवातीला मी आठ-आठ वेळा मोजायचो, दर वेळी वेगळा आकडा, त्या काळजीनंच पुढचा वाढायचा. आठवड्याची सरासरी बघा, एकेका आकड्यामागं धावू नका.

पाचपैकी चार देतो. एक पट्ट्याच्या माहितीचा कापला.

सध्या मशीन मामांच्या घरी आहे. त्यांचा मुलगा रोज सकाळी त्यांचं मोजतो आणि मला आकडा पाठवतो, आज १३८/८६, नाडी ७६ होता. मुलाला स्वतःचं मशीन घ्यायचंय, उद्या त्याच्याबरोबर दुकानात जाणार आहे. तुम्हीही जाणार असाल तर निघायच्या आधी शिंप्याच्या टेपनं खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून फूटपट्टीवर धरा. ३२ च्या वर भरला तर मोठा पट्टा मागा. दुकानदार सगळ्यांना बसतो म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.